बर्नीआजींना झेपेल असा सा

डब्लिनच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने विचारलं, "कशासाठी आलात?" भावाकडे आले आहे, एवढं सांगून भागलं असतं. पण अर्धंच खरं सांगायला माझी जीभ वळत नाही. "भावाकडे," मी म्हणाले, "आणि मध्ययुगात मठात राहणाऱ्या बायकांचं गाणं ऐकायला."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग तुम्हाला पोचायला जरा उशीरच झाला," तो म्हणाला आणि शिक्का मारला. आयर्लंडमध्ये माझ्याशी झालेला हा पहिला संवाद. हा देश आपल्याला आवडणार, हे मला तिथेच कळलं.

मी इचलकरंजीची. वडिलांचा छोटा छापखाना आहे. मोर्चांची, संपांची, अंधश्रद्धेविरुद्धची, हुंड्याविरुद्धची अशी कितीतरी पत्रकं मी शाळेच्या पुस्तकांआधी वाचली. त्यामुळे देवळातल्या गाण्याशी माझं कधी जमलं नाही. देवापुढे कोण गाणार, मध्ये कोण बसणार आणि झांजा वाजवत मागे कोण बसणार, हे जिथे आधीच ठरलेलं असतं, तिथे मला ताल ऐकू येण्याआधी राग येतो. गेल्या हिवाळ्यात मीनलवहिनीने तिच्या फोनवरून एक ध्वनिफीत पाठवली. सात-आठ बायकांचे आवाज, वाद्य नाही, ठेका नाही. खाली तिने लिहिलं होतं, "आठशे वर्षांपूर्वी नन असंच काहीतरी गायच्या. आम्ही दर मंगळवारी गातो. ये ऐकायला." मी ती फीत त्या दिवशी पुन्हा पुन्हा ऐकली. मग ठरवलं की यावर एक पुस्तिका लिहायची. नावही ठरलं होतं: 'भिंतीआड कोंडलेला आवाज'.

प्रसाददादा माझा मावसभाऊ. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि डब्लिनच्या पश्चिमेला ल्यूकनमध्ये राहतो. तिथली घरं इतकी सारखी की दादाने मला घेऊन शेजाऱ्याच्या अंगणात गाडी वळवली, तोंडातल्या तोंडात काही बोलला आणि पुन्हा मागे घेतली. "तीन वर्षं झाली, अजून चुकतो," तो म्हणाला. दारात त्याची नऊ वर्षांची मुलगी आर्या उभी होती.

"भूक लागली का गं तुला?" मी विचारलं. इतक्या लांबून आलेल्या आत्याला दुसरं काय सुचणार?

"आय'म ग्रँड, आत्या," ती म्हणाली. ग्रँड म्हणजे छान, ठीक, चालेल, पुरे आणि नको, हे सगळं त्या एका शब्दात बसतं. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना तोंडातून आयरिश चालीचं इंग्रजीच निघतं.

मीनलवहिनी नागपूरची. ड्रोहेडाच्या मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. लहानपणापासून शास्त्रीय संगीत शिकली, विशारद झाली, मग डॉक्टर झाली. दादा तिची ओळख करून देताना म्हणतो, "ही दिवसा लोकांना झोपवते आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना जागं करते." त्या रात्री भाकरी थापता थापता तिने जे सांगितलं, त्याने माझ्या प्रवासाचं सगळं प्रयोजनच बदललं.

"ऊर्मी, तू पुस्तिका लिहायला आलीस ते छान. पण शनिवारी माझी फजिती होणार आहे, ती पण लिहिशील का?"

"कसली फजिती?"

"शनिवारी आम्ही मीथ जिल्ह्यात एका पडक्या मठात गाणार आहोत. दरवर्षी गातो. आमची नूला आहे ना, तिने हा गट उभा केला. ती सुरुवात करून देते, मग सगळ्या उचलतात. पण आता तिच्या कानांना यंत्र आलंय. त्यातून सूर वाकडा येतो म्हणते. म्हणून यंदा सुरुवात माझी. जमली तर गट मी चालवायचा. नाही जमली तर नूला गट बंद करणार. दुसरी कोणी पुढे यायला तयारच नाही न."

"मग अवघड काय आहे? तू तर विशारद!"

"तेच तर नडून राहिलंय, बाप्पा," वहिनीने भाकरी तव्यावर टाकली.

दादा मागून म्हणाला, "ती सुरुवात करते आणि म्हाताऱ्या उठून चहा करायला जातात."

"प्रसाद, तू गप."

"खोटं बोललो का? गेल्या मंगळवारी गेल्या की नाही?"

गेल्या होत्या. वहिनीने तव्याकडे बघूनच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दादाने सुट्टी काढली होती, म्हणून आम्ही मेनूथला गेलो. ल्यूकनहून अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. कालवा, कालव्यात बदकं, रस्त्यावर पाठीला पिशव्या लावलेली मुलं, आणि मध्येच पाद्री घडवणाऱ्या जुन्या विद्यालयाच्या करड्या दगडी इमारती. एका लांब दालनात बिशपांची मोठमोठी चित्रं ओळीने लावलेली. मी दोन्ही भिंती बघत गेले. एकही बाई नाही. दादाला म्हणाले, "पुस्तिकेचं मुखपृष्ठ मिळालं." तो म्हणाला, "हळू बोल, इथे आवाज घुमतो."

ग्रंथालयात एका संशोधक बाईंना वहिनीने माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. लाल केस, पायांत चिखलाचे बूट, कॉफीचा मोठा पेला. मी माझं म्हणणं एका दमात मांडलं. चर्चमध्ये बायकांनी तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. मोठ्या चर्चमध्ये उंच सुरांसाठी लहान मुलगे गायला ठेवत, पण बाई चालत नसे. म्हणजे बाईच्या आवाजाला युरोपच्या पवित्र संगीतातून हाकलूनच दिलं होतं.

"चर्चमधून हाकललं, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण मठात काय होत होतं ते बघा. तिथे पुरुष नव्हते. मग दिवसातून कितीतरी वेळा जी प्रार्थना गायची, ती कोण गाणार? त्याच. उंच सूर त्यांचे, खालचे त्यांचे, शिकवणं त्यांचं, पोथ्या सांभाळणं त्यांचं. बाराव्या शतकात जर्मनीत एक मठाधिपतीण होती. तिने स्वतः ढीगभर गाणी रचली. तिच्या मठाने वरिष्ठांना न रुचणाऱ्या एका माणसाचं दफन केलं, म्हणून तिथल्या गाण्यावरच बंदी आली. ती तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिने वरिष्ठांना पत्र लिहून चांगलं खडसावलं, की गाणं बंद करणारे तुम्ही कोण."

मी जवळजवळ टाळी वाजवली. त्या म्हाताऱ्या बाईला मी मनातल्या मनात आमच्या छापखान्यात नेऊन बसवलं. "आणि आयर्लंडमध्ये? इथल्या बायकांनी काय रचलं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "इथल्या बायकांच्या मठांतलं एकही गाण्याचं पुस्तक निदान मला तरी सापडलेलं नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने मठ बंद करवले. पुस्तकं कुठे गेली, कोण जाणे. पण प्रत्येक मठात एक चँट्रेस (गाणं उचलून देणारी) असणार, हे नक्की. तिच्याशिवाय संध्याकाळची प्रार्थना सुरूच होत नसे."

परतताना मी गाडीत धुमसत होते. एक ओळ उरू नये! शेकडो वर्षं रोज गाणाऱ्या बायकांची एक ओळ! दादा म्हणाला, "तू चिडलीस की माझा वेग वाढतो, जरा शांत बस." मग त्याने पेट्रोलपंपावर थांबून मला चिकन भरलेला पाव घेऊन दिला. त्या देशात पेट्रोलपंपावरचं खाणं इतकं चवदार मिळतं की मोठ्यात मोठा राग अर्ध्यावर येतो.

मंगळवारी वहिनीबरोबर ड्रोहेडाला गेले. तिची शिफ्ट संपेपर्यंत गावात भटकले. नदी, उंच रेल्वेपूल, उतारावरची दुकानं, आणि दर दहा मिनिटांनी येऊन जाणारा पाऊस. दुकानातल्या बाईला मी म्हणाले, "किती पाऊस हा!" ती बाहेर बघत म्हणाली, "आज तर कोरडंच आहे की."

गटाचा सराव गावाबाहेरच्या एका सभागृहात होता. पत्र्याचं छत, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. नूलाबाई संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. सरळ पाठ, आखूड पांढरे केस, कानांत ती बारीक यंत्रं. तिथे सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते जमेना. मी सरळ "नूलाआजी" म्हणाले, त्यांनी अर्थ विचारला, आणि तो पसंत पडल्यासारख्या हसल्या. त्यांच्याहून थोरल्या बर्नीआजी, ऐंशी ओलांडलेल्या, काठी घेऊन खुर्चीत बसलेल्या. त्यांनी पहिल्यांदा वहिनीच्या पिशवीत डोकावून बघितलं. "ते खडखडणारं आणलंस ना?" म्हणजे चिवडा. डबा मांडीवर ठेवूनच त्या सरावाला बसल्या.

रीत अशी. बायका दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहतात. एक बाजू एक कडवं म्हणते, दुसरी पुढचं. आणि प्रत्येक कडव्याच्या मधोमध सगळ्या थांबतात. श्वास घेण्याइतकं. कोणी काही करत नाही, नुसती शांतता. मग उरलेला अर्धा भाग.

मला कोणी गायला सांगितलं नव्हतं. पण हातात कागद दिला होता आणि गुणगुणायला बंदी नव्हती. पहिल्या कडव्याच्या मधोमध सगळ्या थांबल्या आणि मी पुढचा अर्धा भाग मोठ्याने एकटीनेच म्हणून टाकला. आपल्याकडे आरतीत मध्ये जागा मोकळी सुटली की शेजारची बाई दुसरी आरती सुरू करते, म्हणून जागा सोडायचीच नसते. ज्या घरात वाढले तिथे देव नसला तरी गल्लीतली आरती अंगात मुरलेली असते. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. वहिनीने खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं.

"उत्साह आहे मुलीत," बर्नीआजी म्हणाल्या.

मग सुरुवात करायला वहिनी पुढे आली. तिने डोळे मिटले. तिचा आवाज मी घरी ऐकला होता, पण त्या पत्र्याखाली तो वेगळाच लागला. सरळ, उजळ, एकही कण बाजूला न सांडणारा. माझ्या अंगावर काटा आला. सगळ्यांनी उचललं. आणि दुसऱ्या कडव्याला मला दादाचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. बर्नीआजींचे ओठ मिटले. शेजारची एक थांबली. तिसरी नुसतीच तोंड हलवत होती. चौथ्या कडव्यापर्यंत अर्धा गट गप्प होता आणि बर्नीआजी काठी टेकत किटलीकडे निघाल्या होत्या.

चहा पिताना वहिनीने मला समजावून सांगितलं. आपल्याकडे गाणारा आपला सा घेऊन बसतो. तंबोरा त्याच्या गळ्याला जुळवतात, सगळं त्याच्या सोयीने. वीस वर्षं तिने तोंड उघडलं की पहिला स्वर आपोआप तिच्या सा वर पडतो. पण या गाण्यात पहिला स्वर नुसतं दार. बहुतेक सगळे शब्द त्याच्या बरेच वर, एकाच सुरावर म्हणायचे असतात. वहिनीच्या सा वरून निघालं की तो वरचा सूर थेट छपराला. तिच्या गळ्याला काहीच होत नाही. म्हाताऱ्या गळ्यांना पोचतच नाही.

मला हे पटलं नाही. मी माझ्या शैलीत नूलाआजींना सुनावलं. बायकांना कायम खाली बघायला, खाली बोलायला शिकवलं गेलंय. वहिनी उंच गाते तर गाऊ दे. इतरांनी वर चढायला शिकावं! शेवटचं वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हटलं. कप वाजले.

नूलाआजींनी शांतपणे विचारलं, "आणि बर्नीने कुठून चढायचं?"

मी बर्नीआजींकडे बघितलं. त्या चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात होत्या.

"चँट्रेस म्हणजे मठातला सगळ्यांत चांगला गळा नव्हे," नूलाआजी म्हणाल्या. "सगळ्यांत चांगला कान. सकाळी कोणाला सर्दी आहे, कोण रडून आली आहे, नवीन आलेली मुलगी घाबरून वर चढते आहे का, हे ऐकायचं. मग सगळ्यांना पोचेल असा सूर रोज नव्याने निवडायचा. तुझ्या वहिनीला गाता येतं. तेवढं मला शिकवायला नको. हे दुसरं मला शिकवता येत नाहीये, आणि शनिवार जवळ आलाय."

मी विषय बदलून बर्नीआजींना विचारलं, "या मठांतल्या बायका कैदीच होत्या ना? तुम्हाला नाही राग येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "या देशात ननांनी मुलींचं काय केलं ते विचारशील तर आपला चहा थंड होईल. मला शाळेत त्यांनीच शिकवलं. छडीने मारलं त्यांनी आणि गायलाही त्यांनीच शिकवलं. मार मी परत देऊन टाकला मनातल्या मनात. गाणं ठेवून घेतलं. ते का म्हणून द्यायचं परत?"

हे मी लगेच लिहून घ्यायला हवं होतं. पण पेन शोधेपर्यंत त्यांनी मला विचारलं, "तुझं लग्न झालंय का?" आणि ते संभाषण वेगळ्याच वाटेला लागलं.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे निघालो. दादाने नकाशावर विश्वास ठेवला आणि नकाशाने आम्हाला एका गोठ्यात नेऊन सोडलं. एक शेतकरी फाटकावर रेलून उभा होता. दादाने रस्ता विचारला. तो म्हणाला, "युवर मॅनच्या (त्या अमक्याच्या) घरावरून डावीकडे." कोण अमका, हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला माहीत असणारच, असा त्याचा सूर होता. डावीकडे वळणारे तीन रस्ते होते. मागच्या सीटवर वहिनी गाण्याचा कागद सारखा उलगडत आणि मिटत होती. आर्याने तिचा हात धरला आणि म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, मम्मी." त्या शब्दाला हाही एक अर्थ आहे, हे मला तेव्हा कळलं.

मठ म्हणजे एका कुरणात उभी राहिलेली दीड भिंत. एक उंच निमुळती खिडकी, तिच्यातून आरपार दिसणारं आभाळ, भिंतीच्या फटीफटीत लहान कावळ्यांची घरटी. पलीकडे गाई. मठाचा फलकही इतका लहान की त्यात मावला तेवढाच इतिहास. कुरणात शिरायला लाकडी पायऱ्या होत्या, पण मी तारेला धरून चढायला गेले आणि तारेत वीज होती. मी इचलकरंजीत शिकलेला एक शब्द मीथच्या आभाळात सोडला. गाईंनी मान वर केली. दादा म्हणाला, "आता तुझी सुरुवात झाली. वहिनीची राहिली."

ऐकायला गावातली माणसं जमली होती. घडीच्या खुर्च्या, छत्र्या, दोन-तीन कुत्री. गायिका भिंतीच्या आत दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बर्नीआजींना खुर्ची दिली होती. नूलाआजी गायिकांत नव्हत्या. त्या श्रोत्यांत, पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसल्या.

वहिनी पुढे आली. डोळे मिटले. आणि मला पहिल्याच स्वरावर कळलं. तिचाच सा.

सगळ्यांनी उचललं, दुसऱ्या कडव्याला आवाज विरळ झाले, तिसऱ्याला बर्नीआजींचे ओठ मिटले. उघड्यावर तर ते अधिकच उघडं पडलं. वहिनीचा एकटीचा आवाज आभाळात, आणि खाली बाकीच्यांची धडपड. मी नूलाआजींकडे बघितलं. त्या उठतील, सांभाळून घेतील असं वाटलं. त्या हलल्या नाहीत.

वहिनी मध्येच थांबली. तिच्याबरोबर सगळं थांबलं. एक कुत्रं भुंकलं. मागे कोणीतरी छत्री मिटली. टाळ्या वाजवा, तिला धीर द्या, असं काहीतरी मी ओरडणारच होते. दादाने माझा दंड धरून ठेवला, हे बरं झालं.

वहिनी चालत बर्नीआजींच्या खुर्चीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. इस्पितळात ती भूल देण्याआधी माणसाशी बोलते. नाव विचारते, घरचं विचारते. दादाने पुढे मला सांगितलं की ती हे कधीच चुकवत नाही. बोलण्यावरून तिला श्वास कळतो. आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, "बर्नी, कंबर कशी आहे आज?"

"कंबर?" बर्नीआजी म्हणाल्या. "कंबर ओलाव्याला ओळखते, बाई. सकाळपासून कुरकुरते आहे. डॉक्टर म्हणतो खुब्याचा सांधा नवीन बसवू. मी म्हटलं, नवीन कंबर घेऊन मी नाचायला जाऊ कुठे?" श्रोते हसले. बर्नीआजींना श्रोते मिळाले की त्या थांबत नाहीत. मग पायऱ्यांचं झालं, जावयाचं झालं. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. जावई निम्म्यावर आला असताना तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तिथल्या तिथे, खाली बसूनच, सुरुवात केली.

खालून. बर्नीआजी ज्या उंचीवर जावयाला नावं ठेवत होत्या, त्याच उंचीवरून. वहिनीच्या गळ्यातला उजळ भाग त्यात नव्हता. तिचा आवाज जाडसर, जरा खरबरीत लागला. माझ्या वहिनीचा तो सर्वांत कमी सुंदर आवाज असेल. पण बर्नीआजींनी तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं! जुन्या लाकडासारखा, खोल, चिरा पडलेला आणि ठाम सूर. त्यावर शेजारचीचा, त्यावर तिसरीचा. सगळ्या बायका त्यात मावल्या आणि कोणी बाहेर उरलं नाही. कडव्याच्या मधोमध त्या थांबल्या, त्या जागेत वारा आला, कावळे आले, एक गाय हंबरली, आणि मग उरलेला अर्धा भाग आला. ती शांतता रिकामी नव्हती. या वेळी मी तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, कारण मला रडू येत होतं आणि नास्तिक माणसाने चर्चच्या भिंतीत रडायचं म्हणजे घरी काय सांगायचं!

गाणं संपल्यावर गवतावर सतरंज्या पसरल्या. अंड्याची सँडविचेस, घरचा काळसर पाव आणि त्यावर बोटभर लोणी, आणि वहिनीचा चिवडा. सगळे वहिनीला मिठ्या मारत होते आणि वहिनी सगळ्यांच्या खांद्यांवरून एकाच व्यक्तीकडे बघत होती. नूलाआजींनी सावकाश चहा संपवला, कप पिशवीत ठेवला, कोट चढवला. मग वहिनीच्या हातात सभागृहाची किल्ली ठेवून म्हणाल्या, "मग मंगळवारी. नेहमीच्या वेळी. किल्ली तुझ्याकडे राहू दे." आणि गेल्या.

"म्हणजे?" दादाने विचारलं. "पास?"

वहिनी हातात किल्ली धरून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. "पास," ती म्हणाली. "पण पेपर रोज नवीन येणार आहे, असं सांगून गेली ती."

मी परतण्याआधी आणखी एक मंगळवार आला. वहिनीने स्वतःच्या किल्लीने सभागृह उघडलं. गाण्याआधी ती सगळ्यांना फेरीने काहीतरी बोलायला लावत होती. एकीने मुलाच्या परीक्षेचं सांगितलं, एकीने गाडी बंद पडल्याचं, बर्नीआजींनी जावयाचं उरलेलं. मी खुर्चीत मागे बसले होते. वहिनी माझ्याकडे वळली.

"तू बोल."

"मी? मी कुठे गाते?"

"इथे बसलीस ना? मग बोल."

एरवी मला बोल म्हटलं की माणसं घड्याळ बघतात. त्या दिवशी आठ बायका कान देऊन थांबल्या होत्या, मी काय म्हणते यासाठी नाही, माझा आवाज कुठे आहे हे कळावं म्हणून. मला एवढंच सुचलं, "आज दुपारी मी भरपूर जेवले." वहिनीने मान डोलावली आणि सुरुवात केली. सूर माझ्यापर्यंत आला. मग मी गायले. बेसूर, पण त्यांच्यात. मधल्या जागेत मी थांबले, हे मुद्दाम नमूद करते.

आता इचलकरंजीला आले आहे आणि पुस्तिका लिहायला घेतली आहे. त्या बायकांना भिंतीआड ठेवणं अन्याय होता, हे वाक्य पहिल्या पानावर आहे आणि ते तिथेच राहील. पण नाव बदललं आहे, कारण कोंडलेला आवाज मी तिथे ऐकला नाही. ज्या बाईने गाणी रचली आणि पत्र लिहून वरिष्ठांना खडसावलं, ती मला आजही प्रिय आहे. तिच्यासारखीवर पानं लिहिणं सोपं असतं. अवघड आहे ते दुसरीवर लिहिणं: कुठल्यातरी ओल्या कुरणातल्या मठात रोज संध्याकाळी स्वतःचं तोंड उघडण्याआधी इतरांचे गळे ऐकणारी ती चँट्रेस. तिचं काम नीट झालं की तिचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही, सगळ्यांचा येतो. तिची एक ओळ उरली नाही म्हणून मी मेनूथहून येताना चिडले होते. अजूनही चिडते. पण ती ओळ तिने स्वतःसाठी कधी राखून ठेवली नव्हती, हेही आता कळतं. आणि मी लिहिते ती पत्रकं कोणाच्या गळ्याला झेपतील, हे मी लिहिण्याआधी कधी ऐकलं होतं का, हा प्रश्न मला छापखान्यात बसल्यावर पडतो.

बुधवारी सकाळी वहिनीचा फोन येतो. ती सगळं सांगते. कोण आली, कोण नाही, काय गायलं. मी मध्येच विचारते, "बर्नीआजी गायल्या?" ती हो म्हणाली की मला पुढचं काही विचारायचं नसतं.